विकसनशील देशात सॉफ्टवेअर उद्योग कसा उभा राहतो? धंद्याच्या पद्धतींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं, आयटीतली नोकरी सोडून स्वतःचं काही करू पाहणारे, जिल्ह्याच्या गावात दहा-पंधरा जणांची सॉफ्टवेअर कंपनी चालवणारे आणि ‘आपल्याकडे प्रॉडक्ट, म्हणजे अनेकांना विकता येणारं तयार सॉफ्टवेअर, का होत नाही’ असं पोटतिडकीने विचारणारे अशा सगळ्यांचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः भारतातली आणि बरीचशी पुण्या-मुंबईची आहेत, कारण या धंद्याच्या जवळपास सगळ्या पद्धती इथे एकापाठोपाठ एक करून पाहिल्या गेल्या.

धंद्याची पद्धत म्हणजे नेमकं काय? सॉफ्टवेअर लिहायचं आणि विकायचं, इतकंच ना?

चार गोष्टी ठरल्या की पद्धत ठरते. पैसे कोण देतो, कशाचे देतो, ते हातात कधी येतात आणि काम संपल्यावर कोड कोणाच्या मालकीचा राहतो.

शेतात जशी रोजंदारी, उक्तं काम आणि खंड असे वेगवेगळे व्यवहार असतात, तसेच इथेही आहेत. माणूस-तासांवर बिल लावलं की ती रोजंदारी, धंद्याच्या भाषेत टाइम अँड मटेरियल. ठरलेल्या रकमेत पूर्ण काम अंगावर घेतलं की ते उक्तं, म्हणजे फिक्स्ड प्राइस. आणि एकदा लिहिलेलं सॉफ्टवेअर शंभर ग्राहकांना वापरायला देऊन दर महिन्याला पैसे घेतले तर तो खंड. पहिल्या दोन पद्धतींत कोड बहुतेक वेळा ग्राहकाचा होतो, तिसरीत तुमचा राहतो. सुरुवातीला या चौथ्या गोष्टीकडे कोणाचं लक्ष नसतं, पण पुढच्या वीस वर्षांचा हिशेब तिच्यावरच ठरतो.

ज्या देशात संगणकच मोजके होते तिथे हा उद्योग सुरू कसा झाला?

अडचणीतून. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस १९६८ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि फकीरचंद कोहली यांनी ती घडवली. तेव्हा मोठा संगणक आयात करायचा तर परकीय चलन लागे आणि देशाकडे त्याची कायमची चणचण. म्हणून सरकारची अट अशी, की यंत्र आणा, पण त्या बदल्यात सॉफ्टवेअर निर्यात करून चलन मिळवून द्या. १९७४ मध्ये टीसीएसने बरोज कंपनीचा संगणक आणला तो या अटीखाली. सुरुवातीच्या निर्यात कामांपैकी एक होतं रुग्णालयाच्या प्रोग्रामचं रूपांतर. बरोजच्या एका प्रकारच्या यंत्रावर चालणारा प्रोग्राम त्याच कंपनीच्या दुसऱ्या यंत्रावर चालेल असा करून द्यायचा होता, आणि हे काम मुंबईत उपलब्ध असलेल्या आयसीएल या वेगळ्याच कंपनीच्या यंत्रावर झालं. ज्या यंत्रासाठी प्रोग्राम लिहायचा ते समोर नाही आणि ग्राहक सातासमुद्रापार. पुढच्या पन्नास वर्षांचा धंदा त्या कामात बीजरूपाने होता.

त्याच सुमाराला, १९७३ मध्ये, अंधेरीला सीप्झ हे निर्यात क्षेत्र सुरू झालं. परकीय चलन नियमन कायद्यानुसार, म्हणजे फेराखाली, परदेशी कंपन्यांना भारतातला आपला हिस्सा ४० टक्क्यांपर्यंत खाली आणायचा होता. आयबीएमला ते मान्य नव्हतं, ती १९७८ मध्ये देश सोडून गेली. तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. आयबीएमच्या जाण्याचा एक फायदा असा, की इथल्या प्रोग्रामरना एकाच कंपनीच्या यंत्रांवर विसंबून राहता आलं नाही. मिळेल त्या यंत्रावर काम करायची सवय लागली, युनिक्स ही वेगवेगळ्या यंत्रांवर चालणारी संगणक प्रणाली लवकर अंगवळणी पडली. ही सवय पुढे परदेशात विकली गेली.

मुंबईच्या पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्समधून बाहेर पडलेल्या सात जणांनी १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस काढली. भांडवल दहा हजार रुपये, तेही सुधा मूर्ती यांनी दिलेले. पहिला ग्राहक न्यूयॉर्कचा. १९८३ मध्ये कंपनी बेंगळुरूला गेली. दहा हजारांत कारखाना निघत नाही, पण माणसं परदेशी पाठवून तासांवर बिल लावण्याचा धंदा निघू शकतो. भांडवल नसलेल्या देशाने रोजंदारीपासून सुरुवात का केली, याचं उत्तर यातच आहे.

म्हणजे बॉडी शॉपिंग. त्यात अभिमान बाळगण्यासारखं काय?

हा शब्द हिणवण्यासाठी वापरतात, पण त्या काळात दुसरा मार्ग जवळपास नव्हताच. फोनची जोडणी मिळायला वर्षं लागत आणि परदेशाशी डेटा लाइन परवडण्यासारखी नव्हती. १९९० च्या आसपासही निर्यातीतलं बहुतांश काम ग्राहकाच्या जागेवर बसूनच होत होतं.

यातून रोख पैसा आणि परकीय चलन आलं. मोठ्या बँका आणि विमा कंपन्या आतून कशा चालतात हे हजारो तरुणांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि परत आल्यावर ते ज्ञान इथे वापरलं. नुकसानाची बाजूही खरी आहे. शिकलेला माणूस तिकडेच राहिला तर सोबत शिकलेलंही गेलं. कंपनीच्या हाती उरतो तो माणसांच्या याद्या करणारा विभाग. आजही केवळ माणसं पुरवणाऱ्या कंपन्या पुण्यात गल्लोगल्ली आहेत. त्यांनी पगार दिले, घरं उभी केली, हे मोठंच काम आहे. पण वीस वर्षं तेच करत राहिलेल्या कंपनीकडे एकविसाव्या वर्षी विकायला नवीन काही नसतं.

काम भारतात बसून करणं केव्हा शक्य झालं?

१९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बेंगळुरूला केंद्र काढलं आणि स्वतःचा उपग्रह दुवा जोडला. छोट्या कंपनीला ते झेपणारं नव्हतं. १९८४ चं संगणक धोरण आणि १९८६ चं सॉफ्टवेअर धोरण यांनी आयात सोपी केली. खरा फरक पडला तो सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क योजनेने. पहिली तीन केंद्रं पुणे, बेंगळुरू आणि भुवनेश्वर इथे झाली आणि १९९१ मध्ये त्यांची मिळून एसटीपीआय ही संस्था बनली. उपग्रहावरून ६४ केबीपीएसची लाइन, शुल्क न भरता संगणक आयात, परवानग्यांसाठी एकच खिडकी आणि निर्यातीच्या नफ्यावर प्राप्तिकराची सवलत, जी पुढे मार्च २०११ पर्यंत चालली. आज मोबाइलवर जो वेग मिळतो त्यापुढे ६४ केबीपीएस म्हणजे काहीच नाही, पण दिवसभराचा कोड रात्री तिकडे पाठवायला तेवढा पुरला.

जुलै १९९१ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं. मग १९९० च्या दशकाच्या अखेरीला वायटूके आलं. जुन्या कोबोल प्रोग्रामांमधले दोन आकडी वर्ष चार आकडी करून देण्याचं ते काम होतं. कंटाळवाणं, पण प्रचंड. त्यातून भारतीय कंपन्यांना अशा ग्राहकांची दारं उघडली जिथे एरवी कोणी उभं केलं नसतं. २०००-०१ मध्ये सॉफ्टवेअर आणि सेवांची निर्यात सुमारे ६ अब्ज डॉलर होती, २०२३-२४ मध्ये ती २०० अब्जांच्या आसपास गेली. उद्योगात आज ५० लाखांहून जास्त माणसं आहेत.

ऑनसाइट, ऑफशोअर, बेंच… हे गणित एकदा आकड्यांत दाखवाल का?

आकडे कल्पित आहेत, हिशेबाची रीत खरी आहे.

दहा जणांची टीम घ्या. दोघे अमेरिकेत ग्राहकाकडे, आठ जण पुण्यात. महिन्याचे तास प्रत्येकी १६०. ऑनसाइट दर तासाला ७० डॉलर, ऑफशोअर २५. म्हणजे ऑनसाइट माणसामागे बिल ११,२०० आणि ऑफशोअर माणसामागे ४,००० डॉलर. पगार, विमा, व्हिसा, जागा सगळं धरून ऑनसाइट माणसाचा खर्च ९,६०० आणि ऑफशोअरचा २,०००. महिन्याचं एकूण बिल ५४,४०० आणि हातात उरणारे १९,२००, म्हणजे ३५ टक्के.

आता ग्राहक म्हणाला, अर्धी टीम इकडे पाठवा. पाच तिकडे, पाच इकडे. बिल वाढून ७६,००० झालं, मालक खूश. पण उरले १८,०००, म्हणजे २४ टक्के. उलाढाल ४० टक्क्यांनी वाढली आणि नफा कमी झाला. नव्या कंपन्या या ठिकाणी हमखास फसतात, कारण बँकेत येणारी रक्कम मोठी दिसते.

पुन्हा मूळ टीमकडे या. पुण्यातल्या आठांपैकी दोघांना काम नाही, ते बेंचवर आहेत. बिल ८,००० नी घटलं, पगार मात्र द्यायचाच. नफा १९,२०० वरून ११,२०० वर. दोन माणसं महिनाभर रिकामी बसली तर चाळीस टक्क्यांहून जास्त नफा गेला. सेवा कंपन्यांचे मॅनेजर युटिलायझेशनचा, म्हणजे किती माणसं बिल लागणाऱ्या कामावर आहेत याचा, आकडा रोज का बघतात ते यावरून कळेल.

या सगळ्या गणिताची एक मर्यादा आहे. उत्पन्न दुप्पट करायचं तर माणसं जवळपास दुप्पट लागतात. तासांवर चालणारी कंपनी कितीही मोठी झाली तरी या नियमातून सुटत नाही.

फिक्स्ड प्राइस घेतलं तर सुटका होते का?

अर्धवट. एकदा केलेलं काम पुढच्या ग्राहकाकडे पुन्हा वापरता आलं तर नफा तुमचा. पण काम नेमकं काय हे आधी लिहून घेतलं नाही तर ‘एवढं एक करून द्या’ म्हणत ग्राहक वर्षभर फुकट राबवून घेतो. चेंज रिक्वेस्टचे, म्हणजे नंतर सांगितलेल्या बदलांचे, पैसे वेगळे, ही ओळ करारात नसेल तर सही करू नका.

मग भारतातून प्रॉडक्ट का निघाले नाहीत?

निघाले. आपण त्यांच्याकडे नीट पाहत नाही, अशी माझी तक्रार आहे.

टॅली १९८६ मध्ये सुरू झालं. श्यामसुंदर गोएंका यांना आपल्या धंद्याचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर हवं होतं, ते मुलाने, भारत गोएंका यांनी लिहिलं. रहिमतपूरच्या कैलास काटकर यांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडायचे, म्हणून धाकटे भाऊ संजय यांनी अँटिव्हायरस लिहिला. तेच क्विक हील, २०१६ मध्ये शेअर बाजारात आलं. मुंबईत सिटी बँकेच्या सॉफ्टवेअर कंपन्यांमधून आय-फ्लेक्स उभी राहिली. तिचं फ्लेक्सक्यूब हे बँकिंग सॉफ्टवेअर जगभरच्या बँकांनी घेतलं आणि २००५ पासून ओरॅकलने ती कंपनी विकत घ्यायला सुरुवात केली. चेन्नईची झोहो १९९६ मध्ये ॲडव्हेंटनेट या नावाने सुरू झाली, बाहेरच्या गुंतवणूकदारांचा पैसा न घेता वाढली.

यातल्या पहिल्या तिघांत एक धागा समान आहे. बनवणारा माणूस अडचणीच्या अगदी शेजारी उभा होता. एक व्यापाऱ्याच्या घरात, दुसरा दुरुस्तीच्या टेबलाशी, तिसरा बँकेच्या आत. आपल्याकडचे बहुतेक हुशार प्रोग्रामर मात्र ज्या ग्राहकासाठी काम करत होते तो दहा हजार किलोमीटरवर होता, आणि त्याची अडचण त्यांच्यापर्यंत कागदावर उतरवून, तुकडे करून पोचत होती. तुकड्यावरून प्रॉडक्ट सुचत नाही.

बाकी कारणंही आहेत. बँका तारण मागत आणि कोडला तारण मानत नसत. नकली सीडी सर्रास मिळायच्या. परदेशात विकायचं तर लिहिण्यापेक्षा विकण्याचा खर्च जास्त. पण माझ्या मते ही कारणं दुय्यम आहेत.

मधला एक मार्गही आहे. डॉ. आनंद देशपांडे यांनी १९९० मध्ये पुण्यात काढलेल्या पर्सिस्टंटने दुसऱ्यांच्या प्रॉडक्टचे भाग बनवून देण्याचं काम धरलं. ग्राहक स्वतःच सॉफ्टवेअर कंपनी असल्याने इथल्या इंजिनीअरना प्रॉडक्ट कसं बनतं, आवृत्त्या कशा काढतात, जुन्या ग्राहकाला न मोडता नवं कसं देतात हे शिकायला मिळालं. पुण्यातल्या प्रॉडक्ट बनवणाऱ्या माणसांची एक पिढी अशा कामातून तयार झाली.

परदेशी कंपन्यांची स्वतःची केंद्रं इथे येत आहेत. हे चांगलं की वाईट?

अशी केंद्रं, ज्यांना जीसीसी (ग्लोबल कॅपॅबिलिटी सेंटर) म्हणतात, देशात सतराशेहून जास्त आहेत. पगार चांगले, काम बरेचदा सखोल. माणूस म्हणून तुम्हाला तिथे नोकरी मिळत असेल तर जरूर घ्या.

देशाच्या बाजूने पाहिलं तर हिशेब वेगळा आहे. असं केंद्र सहसा खर्च अधिक ठरावीक टक्के या रीतीने आपल्याच मूळ कंपनीला बिल लावतं. इथे बनलेलं डिझाइन, पेटंट, कोड यांची मालकी बाहेर जाते आणि त्यावरचा पुढचा नफाही. देशाला राहतात पगार, कर आणि शिकलेली माणसं. त्या माणसांतून किती जण बाहेर पडून स्वतःचं काढतात यावर या पद्धतीचा खरा फायदा ठरतो.

दुसऱ्या देशांनी काय केलं?

आयर्लंडने कमी कर लावून अमेरिकन कंपन्यांना बोलावलं. मायक्रोसॉफ्ट १९८५ मध्ये डब्लिनला आली. युरोपच्या भाषांत सॉफ्टवेअर तयार करून पाठवणं हे तिथलं मोठं काम झालं. इस्राएलने लष्करी संशोधनातून बाहेर पडलेली माणसं आणि अमेरिकन गुंतवणूक यांवर प्रॉडक्ट उभे केले. व्हिएतनामच्या एफपीटी या कंपनीने जपानी भाषा शिकून जपानची कामं धरली.

ब्राझीलचं उदाहरण मला सर्वांत शिकण्यासारखं वाटतं. १९८० च्या दशकात तिथे महागाई इतकी बेफाम होती की चेक वटायला दोन दिवस लागले तरी पैशाची किंमत घसरे. बँकांना व्यवहार तातडीने पुरे करणं भाग पडलं, आणि देशातल्याच मागणीतून बँकिंगचं सॉफ्टवेअर तयार झालं. श्रीलंकेत मिलेनियमआयटीने शेअर बाजाराची व्यवहार प्रणाली बनवली. लंडन स्टॉक एक्स्चेंजने २००९ मध्ये ती कंपनीच विकत घेतली. छोट्या देशाने एकच कठीण प्रश्न धरला आणि तो जगात कोणाहीपेक्षा चांगला सोडवला.

सरकारने काय केलं, आणि काय करायला हवं?

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनीअरिंग महाविद्यालयांना परवानगी मिळाली. त्या महाविद्यालयांच्या दर्जाबद्दल आणि फीबद्दल खूप बोललं गेलं, त्यातलं बरंच योग्यही होतं. पण १९९० नंतर मागणी आली तेव्हा माणसं तयार होती, त्याचं श्रेय त्या निर्णयाला द्यावंच लागेल. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था आली. पुढे तिच्या पदविकेतून हजारो मुलं थेट नोकरीयोग्य झाली. २००१ मध्ये एमकेसीएल आली आणि एमएस-सीआयटीमुळे तालुक्याच्या गावातही माउस धरायला शिकवणारी केंद्रं निघाली. ती केंद्रं चालवणाऱ्यांपैकी काही पुढे स्थानिक सॉफ्टवेअर विक्रेते झाले.

माणसं, लाइन आणि करसवलत या तीन बाबतीत सरकारने खूप केलं. चौथ्या बाबतीत कमी पडलं. चांगला ग्राहक होणं सरकारला जमलेलं नाही. रेल्वे आरक्षणाची प्रणाली १९८० च्या दशकात सीएमसीने बनवली, राष्ट्रीय शेअर बाजाराने १९९४ मध्ये पडद्यावरचे व्यवहार सुरू केले, मुंबईच्या एनपीसीआय या पेमेंट व्यवहार चालवणाऱ्या संस्थेने २०१६ मध्ये यूपीआय आणलं. जिथे खरेदी करणाऱ्याला आपल्याला काय हवं हे नेमकं ठाऊक होतं, तिथे जागतिक दर्जाचं काम झालं. बाकी ठिकाणी सगळ्यात कमी दराची निविदा, म्हणजे एल-वन. सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम, मग कामात काटकसर, मग वर्षभरात बंद पडलेलं पोर्टल, आणि पुन्हा निविदा.

लहान कंपनीने सरकारी टेंडर भरावं का?

पहिल्या वर्षी नको. पैसे उशिरा येतात आणि तोवर पगार तुमच्या खिशातून जातात.

भरायचंच असेल तर हक्क माहीत असू द्या. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांना, तसंच मान्यताप्राप्त स्टार्टअपना, केंद्र सरकारच्या खरेदीत अनामत रकमेतून सूट आहे. आधीच्या उलाढालीची आणि अनुभवाची अटही शिथिल करता येते. एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं व्हायला हवं, नाहीतर व्याज लागतं आणि सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते. खासगी ग्राहकाने वेळेत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्याला त्या वर्षी करातून वजा करता येत नाही, ही तरतूदही आता आहे. वसुलीच्या पत्रात तिचा नम्रपणे उल्लेख करा, उपयोग होतो.

पतसंस्था, दूध संघ, साखर कारखाने यांच्यासाठी सॉफ्टवेअर करण्यात पैसा आहे का? लोक पैसे देत नाहीत असं ऐकतो.

या प्रश्नाला मी मुद्दाम जास्त जागा देतो, कारण महाराष्ट्राकडे असलेली ही सर्वांत मोठी आणि सर्वांत दुर्लक्षित संधी आहे.

सकाळी सहाला कोणत्याही दूध संकलन केंद्रावर जाऊन उभे राहा. शेतकरी कॅन ओततो, काटा वजन दाखवतो, नमुना फॅट मशीनला लागतो. फॅट ३.५ आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकी घन पदार्थ) ८.५ आलं की दरपत्रकातून दर उचलला जातो, पावती छापली जाते, पुढचा माणूस. रांगेतल्या प्रत्येकाला घरी जाऊन पुढचं काम करायचं असतं, एका माणसामागे काही सेकंदच मिळतात. त्यात वीज जाते, नेट नसतं. दर दहा दिवसांनी बिल निघतं, त्यातून पशुखाद्याची उचल, पतसंस्थेचा हप्ता, इतर कपाती वजा होतात. संघाने मागच्या तारखेपासून दर बदलला की झालेल्या सगळ्या पावत्यांचा फरक काढायचा. दिवाळीला फरक बिल वेगळं. गाय आणि म्हैस यांचं दरपत्रक वेगळं.

ही गुंतागुंत बाहेरच्या कुठल्याही तयार पॅकेजमध्ये नाही. ज्याने सकाळी सहाला तिथे उभं राहून पाहिलं त्यालाच ती लिहिता येते. म्हणजे परदेशी ग्राहकाच्या बाबतीत जी जागा आपल्याला मिळत नव्हती, अडचणीच्या शेजारची, ती इथे आपोआप मिळते.

पैसे देत नाहीत हे अर्धसत्य आहे. एकरकमी पन्नास हजार मागितले की संचालक मंडळात विषय जातो आणि तिथेच राहतो. तेच काम प्रति लिटर काही पैसे किंवा महिन्याला ठरावीक रक्कम अशा रीतीने मांडलं तर सचिव खर्चात घालतो. खरा तोटा होतो तो एएमसीत, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारात. वर्षाच्या देखभालीची नाममात्र रक्कम घेऊन प्रत्येक संस्थेला हवा तसा वेगळा बदल करून दिला की पाच वर्षांत तुमच्याकडे चाळीस संस्थांच्या चाळीस वेगळ्या आवृत्त्या जमा होतात. मग चार मुलं केवळ फोनवर सपोर्ट देत बसतात. उपाय कठोर आहे. कोड एकच ठेवायचा, फरक असतील ते सेटिंगमध्ये, आणि जो बदल तीन ग्राहकांना उपयोगी नाही तो करायचा नाही.

आणखी एक, मराठीबद्दल. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये नावं शिवाजी किंवा श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये साठवलेली असतात. ती युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं बिघडतात आणि सभासदाचं नाव चुकलं की त्याची अनुदानाची रक्कम अडकते. या रूपांतराला करारात वेगळा वेळ आणि वेगळे पैसे लावा.

ओपन सोर्स म्हणजे फुकट. त्यातून धंदा कसा?

कोड खुला, पैसे बसवून देण्याचे, चालवण्याचे, शिकवण्याचे. मुंबईच्या फ्रॅपेचं ईआरपीनेक्स्ट (ईआरपी म्हणजे कंपनीचा सगळा कारभार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर), कोलंबोत घडलेली डब्ल्यूएसओटू ही जवळची उदाहरणं. सार्वजनिक आरोग्याची आकडेवारी ठेवणारं डीएचआयएस दक्षिण आफ्रिकेत सुरू झालं आणि आज अनेक गरीब देशांची आरोग्य खाती ते वापरतात. भांडवल कमी असलेल्या कंपनीने शून्यातून ईआरपी लिहिण्यापेक्षा असं काही घेऊन त्यावर आपल्या भागाचं ज्ञान चढवावं.

ओळखीच्या फ्रीलान्सरकडून कोड लिहून घेतला, पैसे दिले. आता तो आमचाच ना?

आपोआप नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेलं मालकाचं असतं, पण बाहेरच्या माणसाने लिहिलेल्या कोडचा पहिला मालक तोच. हक्क तुमच्याकडे यायला लेखी, सहीचं हस्तांतर लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारतापुरती. म्हणून ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभरासाठी’ हे दोन्ही शब्द करारात हवेतच. गुंतवणूकदार येतो तेव्हा पहिल्यांदा हाच कागद मागतो, आणि तोवर फ्रीलान्सर कॅनडात गेलेला असतो.

एआय आल्यावर तासांवर बिल लावण्याची पद्धत टिकेल?

आजच्या रूपात नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. दहा तासांचं काम चार तासांत झालं तर ग्राहक चार तासांचेच पैसे देणार. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास, मनुष्यबळ कमी करण्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी या कामाच्या व्हिसाच्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं. ऑनसाइटचं वर मांडलेलं गणित या रकमेपुढे टिकत नाही.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती नव्याने पास होणाऱ्या मुलांची. चाचण्या लिहिणं, छोटे बग काढणं अशा कामांवर आजवर नवी माणसं शिकत होती, आणि यंत्र आधी तीच कामं उचलतं. कंपन्यांनी शिकाऊ मुलांना घेणंच थांबवलं तर दहा वर्षांनी अनुभवी माणसं येणार कुठून? यावर एकेका कंपनीला एकटीने उत्तर काढता येणार नाही. महाविद्यालयांनी शेवटचं वर्ष खऱ्या ग्राहकाच्या कामात घालवण्याची सोय करायला हवी, आणि ते ग्राहक आसपासचेच, म्हणजे बाजार समिती, नगरपालिका, रुग्णालय असे असू शकतात.

आम्ही तिघं मित्र, चार-पाच वर्षं नोकरी झाली. आता कुठून सुरुवात करावी?

पहिल्या दीड वर्षाचा घरखर्च सेवा देऊनच निघेल हे मान्य करून चला. मात्र कामं वेगवेगळ्या क्षेत्रांतली घेऊ नका. एकच क्षेत्र धरा. तिघांपैकी कोणाचं घर द्राक्ष निर्यातीत असेल, कोणाची बहीण पॅथॉलॉजी लॅब चालवत असेल, तर तिथून सुरू करा. पहिल्या तीन ग्राहकांचं काम उक्तं घ्या, पण करारात असं लिहा की ग्राहकाचा डेटा आणि त्याच्यापुरता केलेला भाग त्याचा, बाकी मूळ कोड आमचा आणि त्याला तो वापरण्याचा परवाना. यासाठी दर थोडा कमी करावा लागला तरी चालेल.

चौथ्या ग्राहकाकडे जाताना निम्म्याहून जास्त कोड जसाच्या तसा वापरता आला, तर मासिक दराने द्यायला सुरुवात करा. आला नाही, तर तिन्ही ग्राहकांकडे पुन्हा जाऊन बसा आणि त्यांच्या कामात समान काय आहे ते कागदावर उतरवा. या टप्प्यावर तिघांपैकी एकाने कोड लिहिणं थांबवून पूर्ण वेळ विक्री आणि वसुली बघायला हवी. कोण ते आधीच ठरवा आणि भागीदारीच्या करारात लिहून ठेवा.